मदत हवी आहे: क्लॅक्समधले रंग दादाला ओळखू येत नाहीत

नमस्कार मंडळी, १९९० मध्ये होम कम्प्युटरवर आलेला अटारीचा क्लॅक्स हा गेम कोणी खेळलंय का? पट्ट्यावरून रंगीत फरशा गडगडत येतात, आपण त्या पॅडलवर झेलायच्या आणि खालच्या ५ बाय ५ च्या खोक्यात टाकून एका रंगाच्या ३ जुळवायच्या, उभ्या, आडव्या किंवा तिरक्या. उभ्याला फक्त ५० पॉइंट, आडव्याला १०००, तिरक्याला ५०००, म्हणून सगळी मजा तिरक्यातच आहे. पॅडलवर ५ मावतात पण शेवटी झेललेली आधी पडते, त्यामुळे डोकं सतत दोन पावलं पुढे लागतं.

तर अडचण अशी की दादाला लाल-हिरवा फरक कळत नाही. लहानपणी तो खेळायचा नाही, मी समजायचो त्याला आवडत नाही, आत्ता कळलं कारण काय ते, आणि फार वाईट वाटलं. आता मी लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या कम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या होम कम्प्युटरची आवृत्ती लावलीये. स्पेक्ट्रमचे रंग मेमरीत २२५२८ या पत्त्यापासूनच्या ७६८ बाइटमध्ये असतात, ८ बाय ८ च्या चौकोनाला दोनच रंग, एवढं मला माहितीये. पण गेम ते सारखे बदलत राहतो, मग पोक करून, म्हणजे मेमरीत थेट आकडे लिहून, काय उपयोग?

एम्युलेटरची रंगपेटीच बदलून हिरव्याच्या जागी पांढरट निळा वगैरे टाकता येतो का, कुठल्या एम्युलेटरमध्ये? किंवा फरशांवर ठिपके-रेघा असलेला असाच एखादा जुना गेम माहितीये का? दादा दिवाळीला येतोय, त्याच्या आत जमवायचंय, प्लीज सांगा.