लायपोसक्शननंतरचे कम्प्रेशन गारमेंट सैल पडू लागले आहे. एक माप लहान घ्यावे का?

निळी_शाई (प्रश्न)

पोट आणि दोन्ही कुशींच्या लायपोसक्शननंतर (त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढण्याची शस्त्रक्रिया) माझा दुसरा आठवडा चालू आहे. शल्यचिकित्सकांनी एकूण सहा आठवडे गारमेंट (अंगावर दाब देणारा घट्ट लवचीक पोशाख) घालण्यास सांगितले असून पहिले तीन आठवडे ते केवळ अंघोळीपुरते काढायचे आहे. सुरुवातीला ज्या हुकांसाठी दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी लागे, ते आता मी एकटी सहज लावते. मात्र खुर्चीत बसले की कमरेच्या रेषेत कापडाची घडी पडते आणि रात्री गारमेंट काढल्यावर तिथे लालसर वळ दिसतो, जरी तो दुखत नसला तरी. सूज उतरल्यामुळे गारमेंट सैल झाले असेल, तर एक माप लहान घेतल्याने त्वचा अधिक चांगली बसेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. शिवाय परिचयातील एका व्यक्तीला याच शस्त्रक्रियेनंतर दोनच आठवडे पुरेत असे सांगण्यात आले होते, त्यामुळे कालावधीबाबतही संभ्रम आहे. पुढील तपासणी आठवड्याभराने आहे.

शुश्रूषा

मी प्लास्टिक सर्जरी विभागात परिचारिका आहे. तुमच्या शल्यचिकित्सकांच्या सूचनेला माझे उत्तर हा पर्याय नव्हे, एवढे गृहीत धरून वाचावे.

चरबी काढल्यावर त्वचा आणि खालचा स्नायू यांच्या मधल्या थरात असंख्य बारीक बोगदे तयार झालेले असतात. त्यांत शस्त्रक्रियेच्या वेळी सोडलेले द्रावण, थोडे रक्त आणि ऊतींतून पाझरणारा द्रव साचतो. द्रावणाचा काही भाग पहिल्या एक-दोन दिवसांत, नळी घालण्यासाठी केलेल्या छिद्रांतून बाहेर येतो. उरलेला शिरा आणि लसिकावाहिन्या (ऊतींतला जादा द्रव, म्हणजे लसिका, वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) हळूहळू शोषून घेतात. गारमेंटचे काम इतकेच की बाहेरून सौम्य आणि सारखा दाब ठेवून नवा द्रव पाझरण्यास आळा घालावा आणि सुटी झालेली त्वचा खालच्या थराला टेकवून ठेवावी. हा दाब गरजेपेक्षा वाढला की त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या दबतात, लसिकेचा निचरा मंदावतो आणि गारमेंटच्या कडेच्या वर किंवा खाली, विशेषतः जांघेत, नवीन सूज दिसू लागते. त्यामुळे जितके घट्ट तितके चांगले हा समज सोडावा. दुसऱ्या आठवड्यात गारमेंट सैल वाटणे अपेक्षितच आहे आणि त्यासाठीच बहुतेक गारमेंटना हुकांच्या दोन-तीन ओळी दिलेल्या असतात. नवे माप घेण्याआधी पुढच्या ओळीवर जाता येते का, ते दवाखान्यात विचारून घ्या.

मला मापापेक्षा तुमच्या घडीची अधिक काळजी वाटते. वळ दुखत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. परंतु लायपोसक्शननंतर त्या भागाची संवेदना कित्येक आठवडे, काही वेळा काही महिने, बोथट असते. तिथे दुखत नाही याचा अर्थ इजा होत नाही असा नाही. घडी एकाच रेषेत तासन्‌तास रुतत राहिली तर फोड येऊ शकतो, त्वचेला जखम होऊ शकते आणि बरे होताना त्या जागी कायमची खाच राहू शकते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा आरशात पाहणे आवश्यक आहे. गारमेंट काढल्यावर साधारण अर्ध्या तासात वळ विरला तर ठीक. तो तसाच राहिला किंवा बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्याला कळवा. त्वचा गडद असेल तर लाली उठून दिसत नाही, अशा वेळी तो पट्टा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गरम किंवा कडक लागतो का, हे हाताने पाहावे.

धागा_आणि_माप

मी भाजलेल्या आणि लसिकासूज असलेल्या रुग्णांसाठी मापाचे प्रेशर गारमेंट शिवतो, म्हणून कापडाच्या बाजूने लिहितो.

ताणलेले कापड शरीरावर किती दाब देईल हे त्याच्या ताणावर जसे अवलंबून असते, तसे शरीराच्या वळणावरही असते. वळण जितके तीव्र तितका दाब जास्त. सपाट भागावर तेच कापड, तेवढ्याच ताणात असूनही, जवळजवळ नुसते टेकलेले असते. त्यामुळे एक माप लहान घेतले की वाढलेला दाब मुख्यतः कुशीच्या बाकावर आणि कमरेच्या हाडाच्या टोकांवर जातो, आणि जिथे तो हवा आहे त्या पोटाच्या सपाट भागाला त्यातले फारसे काही मिळत नाही. त्यासाठी गारमेंटच्या आत फोमचा तुकडा ठेवतात. फोममुळे सपाट भागाला किंचित फुगीरपणा येतो आणि दाब तिथे पोहोचतो. शिवाय फोमवर कापडाची घडी सहज पडत नाही. फोमच्या कडा मात्र तिरप्या कापलेल्या हव्यात, अन्यथा घडीऐवजी फोमच्या कडेचाच वळ उठेल. तो किती जाड असावा आणि कुठपर्यंत यावा, हे ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनीच ठरवावे.

आणखी एक शक्यता तपासावी. लवचीक कापड दिवसभराच्या ताणाने ढिले पडते आणि धुतल्यावर बऱ्याच अंशी पूर्ववत होते. एकच गारमेंट न धुता वापरात असेल तर त्याचा सैलपणा सूज उतरल्याचा आहे की कापडाचा, हे सांगता येत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, न पिळता सावलीत वाळवणे; ब्लीच, कापड मऊ करणारे द्रव आणि ड्रायर यांनी लवचीक धागा लवकर खराब होतो.

शांत_खोली

माझ्या छातीवर गायनेकोमॅस्टियाची (पुरुषांमध्ये स्तन वाढणे) शस्त्रक्रिया झाली होती आणि मलाही असाच जॅकेटवजा गारमेंट होता. दोन गारमेंट असणे ही सोय नसून गरज आहे, एवढेच सांगतो: एक अंगावर, एक वाळत. आणि अंघोळीपूर्वी ते उभ्याने झटकन काढू नका. दाब एकदम गेल्यावर अनेकांना भोवळ येते. खुर्चीवर बसून हळूहळू उघडावे, काही मिनिटे बसून राहावे, कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे.

दुसरे_मत

कालावधीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून ते मी लिहितो. लायपोसक्शननंतर गारमेंट नेमके किती आठवडे घालावे यावर शल्यचिकित्सकांचे एकमत नाही. गारमेंटमुळे सूज आणि दुखणे कमी होऊन हालचाल सुसह्य होते, हा बहुतेकांचा अनुभव आहे. परंतु त्यामुळे सेरोमा, म्हणजे त्वचेखाली द्रव साठून राहणे, टळतोच असे ठामपणे सांगणारा पुरावा आजवर मिळालेला नाही. तुमच्या परिचितांचे दोन आठवडे आणि तुमचे सहा आठवडे, दोन्ही एकाच वेळी योग्य असू शकतात. किती चरबी काढली, त्वचेची लवचीकता किती होती, सोबत टमी टक (पोटाची जादा त्वचा कापून काढण्याची शस्त्रक्रिया) केला का, काढलेली चरबी दुसरीकडे भरली का (भरलेल्या भागावर दाब द्यायचा नसतो), अशा अनेक गोष्टींवर हा निर्णय ठरतो. दुसऱ्याचे वेळापत्रक उसने घेण्यात काहीच हशील नाही.

लहान मापाविरुद्ध माझे आणखी एक कारण आहे. पोटावर जास्त घट्ट आवळले की पोटाच्या आतील दाब वाढतो आणि पायांकडून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा वेग मंदावतो, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या काळात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो. दिवसातून अनेकदा थोडे चालणे म्हणूनच महत्त्वाचे. एकाच पोटरीत दुखणे किंवा सूज, अचानक लागणारी धाप, छातीत दुखणे यांपैकी काहीही जाणवले तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

निळी_शाई

सर्वांचे मनापासून आभार. वळाचे छायाचित्र दवाखान्याला पाठवले. त्यांनी हुकांच्या दुसऱ्या ओळीवर जाण्यास आणि कमरेपाशी फोम ठेवण्यास सांगितले असून माप तपासणीपूर्वी बदलू नये असे कळवले आहे. एक शंका राहिली: ओटीपोटाच्या खालच्या भागात हाताला गाठीसारखा कडकपणा लागतो. तो गारमेंटच्या असमान दाबामुळे आला असेल का?

शुश्रूषा

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असा कडकपणा जाणवणे सामान्य आहे. तो बहुधा आतील व्रण भरत असल्याचा असतो आणि पुढील काही आठवड्यांत, क्वचित महिन्यांत, मऊ पडतो. तेवढ्यावरून गारमेंटला दोष देता येणार नाही. मात्र तिथे कडकपणाऐवजी मऊ फुगवटा असेल आणि एका बाजूने हलके दाबल्यावर दुसऱ्या बाजूला पाणी हलल्यासारखे जाणवत असेल, तर तो सेरोमा असू शकतो. तो काही वेळा सुईने काढावा लागतो आणि तपासणीची तारीख अलीकडे घेण्यास ते पुरेसे कारण आहे. लाली पसरत असेल, ताप आला असेल किंवा छिद्रातून गढूळ द्रव येत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. तोवर त्या भागाला गरम पिशवीचा शेक देऊ नका. संवेदना बोथट असल्यामुळे भाजलेले कळणार नाही.