नियमित पद नाही, मग संशोधन अनुदानासाठी अर्ज करायचा कोणी?

प्रश्न – तासिका प्राध्यापक, दर्यापूर तालुका

सर्वांना नमस्कार. मी एका अनुदानित महाविद्यालयात गेली सात वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, रसायनशास्त्र शिकवतो. सेट ही प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे आणि पीएच.डी. दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाली. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी पिण्याच्या कामाचे नाही आणि ओलिताला लावले तर काही वर्षांत जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, होते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. तालुक्यातील ठरावीक तीस विहिरींच्या पाण्यातील सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाच वर्षे सलग मोजावे, म्हणजे कोणत्या शिवारात क्षार वाढत आहेत याची गावनिहाय नोंद हाती येईल, असा माझा प्रस्ताव आहे.

आमच्या प्रयोगशाळेत फ्लेम फोटोमीटर आहे, म्हणजे पाण्यातील सोडियमसारखी द्रव्ये ज्योतीच्या प्रकाशावरून मोजणारे यंत्र. विभागप्रमुख सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही आणि यंत्रावर खिडकीचा जुना पडदा पडला तो पडलाच. मी तो उचलून पाहिला तेव्हा काँप्रेसर हवा देत नव्हता आणि नळीत कोळ्याने घर केले होते. दुरुस्ती, प्रमाण द्रावणे आणि नमुने गोळा करण्याचा प्रवास धरून लागणारी रक्कम फार मोठी नाही, परंतु मी जिथे जिथे विचारणा केली तिथे प्रमुख संशोधक नियमित सेवेतील असावा हीच अट समोर आली. आमच्या विभागात आज एकही नियमित प्राध्यापक नाही. अशा स्थितीत राज्य शासनाच्या निधीपर्यंत पोहोचण्याचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद 1 – निवृत्त प्राचार्य, वाशीम जिल्हा

सर, तुमची अडचण निधीची वाटते, पण ती मुळात पदाची आहे. राज्य शासन उच्च शिक्षणावर जो खर्च करते त्याचा मोठा भाग अनुदानित महाविद्यालयांच्या वेतनावर जातो, आणि संशोधनासाठी वेगळा पैसा मिळो वा न मिळो, नियमित प्राध्यापकाच्या पगारात त्याच्या संशोधनाच्या वेळेची किंमत धरलेली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते, तर त्याचा एकूण कार्यभार 40 तासांचा असतो. मधल्या तासांत तयारी, परीक्षा, प्रशासन आणि संशोधन बसते. तासिकेचे मानधन मात्र फळ्यासमोरच्या तासाचेच असते. 2023 मध्ये पदवी वर्गाच्या तासिकेचा दर 900 रुपये झाला. आठवड्याला नऊ तासिका धरल्या तर 8,100 रुपये होतात, आणि सुट्या व परीक्षा वजा जाता वर्षाकाठी काय उरते ते तुम्ही माझ्याहून चांगले जाणता.

पदभरतीचा इतिहास थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर 2018 मध्ये शासनाने सहायक प्राध्यापकांची 3,580 पदे भरण्यास मान्यता दिली. त्यांपैकी 1,492 भरली गेली, मग कोरोना आला, आणि उरलेल्या 2,088 पदांना 2021 मध्ये पुन्हा मान्यता घ्यावी लागली. ही मोजणी 2017 मधील रिक्त पदांवर आधारलेली होती, म्हणजे तुमचे विभागप्रमुख जर त्यानंतर निवृत्त झाले असतील तर त्यांची खुर्ची त्या हिशेबात नव्हतीच. शिवाय मान्यता मिळाली म्हणजे माणूस मिळाला असे होत नाही. कार्यभाराची तपासणी, विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षित प्रवर्गाचे याची यादी) तपासून घेणे, सहसंचालकांचे ना-हरकत प्रमाणपत्र, जाहिरात, निवड समितीसाठी विद्यापीठाकडून विषयतज्ज्ञांची नावे मागवणे, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता आणि शेवटी वेतननिश्चिती, एवढ्या पायऱ्या आहेत. बिंदुनामावलीच्या एका फाईलसाठी मी स्वतः अमरावतीला अकरा चकरा मारल्या आहेत. प्रत्येक वेळी त्रुटी नवी निघाली, आणि त्यांपैकी दोन खऱ्या होत्या.

प्रतिसाद 2 – विद्यापीठ विभागातील प्राध्यापिका

प्राचार्य सरांच्या म्हणण्याला एक जोड देते. नियमित पदे न भरल्याने नुसते शिकवणे अडत नाही, तर पुढच्या पिढीचे संशोधकही घडायचे थांबतात. पीएच.डी.विषयक 2022 च्या नियमांनुसार मार्गदर्शक हा पूर्णवेळ नियमित शिक्षकच असावा लागतो. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. ज्या विभागात एकच ज्येष्ठ प्राध्यापक उरले आहेत, तिथे ते निवृत्त होण्याच्या तीन वर्षे आधीच संशोधनाचे दार बंद होते.

आता तुमच्या प्रश्नाविषयी. पूर्वी अशा छोट्या कामासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची लघुसंशोधन प्रकल्प योजना होती आणि ग्रामीण महाविद्यालयांना तिचा खरा आधार होता, परंतु बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर, म्हणजे मार्च 2017 मध्ये, तो आधार गेला. केंद्राने 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले, पाच वर्षांसाठी 50,000 कोटींचा आकडा सांगितला, पण त्यातील 36,000 कोटी शासनाबाहेरून यावेत असे अपेक्षित आहे. तीस विहिरींच्या पाण्यासाठी तिकडे पाहू नये. राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग हा तुमच्या विषयाला जवळचा आहे, कारण स्थानिक प्रश्नांवरील उपयोजित काम हे त्याचे क्षेत्रच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात खारपाणपट्ट्यावर जुने काम झालेले आहे. तिथल्या एखाद्या मृदाशास्त्रज्ञाने प्रमुख संशोधक व्हावे, तुम्ही सहसंशोधक व्हावे आणि दोन्ही संस्थांत सामंजस्य करार व्हावा, हा मला दिसणारा सर्वांत सरळ मार्ग आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: कृषी विद्यापीठे कृषी विभागाकडे आणि आपण उच्च शिक्षण विभागाकडे असल्यामुळे पत्रे दोन खात्यांतून फिरतील.

प्रतिसाद 3 – संशोधक विद्यार्थिनी, गडचिरोली जिल्हा

मॅडम आणि प्राचार्य सर, आदर राखून थोडी असहमती नोंदवते. पदे भरली की संशोधन आपोआप सुरू होते असा सूर दोन्ही प्रतिसादांत आहे. फ्लेम फोटोमीटरवर पडदा पडला तो विभागप्रमुख निवृत्त झाल्यावर, हे खरे, पण तत्पूर्वी ते यंत्र किती नमुन्यांसाठी पेटले होते हेही कोणी विचारावे. आमच्या भागातील एका महाविद्यालयात मी नियमित प्राध्यापकांचा पूर्ण भरलेला विभाग पाहिला आहे आणि तेथील प्रयोगवहीतील शेवटची नोंद नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, भेटीच्या आठवड्यातली होती. खासगी संस्थांत मुलाखतीपूर्वीच जागेचा जो भाव बोलला जातो, त्याबद्दल आपण सारे गप्प बसतो. एवढी रक्कम उभी करण्यासाठी ज्याने शेत विकले, त्याने आधी संशोधनाचा विचार करावा ही अपेक्षा मला थोडी निष्ठुर वाटते.

तरीही पद हवेच, हे मी माझ्याच अनुभवावरून सांगते. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये गडचिरोलीत झाले, तेव्हा आमच्या घरी नागपूरची वारी वाचली म्हणून आनंद झाला होता. माझे मार्गदर्शक निवृत्त झाले आणि याच विषयाचे दुसरे मार्गदर्शक मिळायला मला चौदा महिने लागले. सिरोंचाकडून गडचिरोलीला यायचे म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते, आणि त्या चौदा महिन्यांत मी ते केवळ अर्जावर शिक्का घेण्यासाठी पार केले. दर्यापूरच्या सरांना एक विचारायचे आहे: प्रकल्प मंजूर झाला तर यंत्र, नमुने आणि नोंदी यांवर नाव आणि ताबा कोणाचा राहील, हे करारात लिहून घेणार आहात का?

प्रश्नकर्त्याचा खुलासा

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी विचारले ते माझ्या लक्षात आले नव्हते. करारात तशी अट घालण्याविषयी प्राचार्यांशी बोललो, त्यांनी हरकत घेतली नाही. अकोल्याला पत्र पाठवले आहे.

दुसरी अडचण आता लिहिताना ध्यानात आली. विहिरीतील क्षार सर्वांत दाट असतात ते पावसाच्या तोंडावर, म्हणून उन्हाळ्यातील नमुने मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावे लागतील. माझी नियुक्ती दरवर्षी एप्रिलमध्ये संपते आणि पुन्हा मिळाली तर ऑगस्टमध्ये मिळते. मे महिन्यात प्रयोगशाळेची किल्ली कोणत्या नात्याने मागावी, याचे उत्तर प्राचार्यांकडेही नव्हते. तूर्त बाटल्या धुऊन घरी आणून ठेवल्या आहेत.