घर भाड्याने देताना आडनाव विचारणं: खबरदारी की भेदभाव?

सिंहगडरोडकर: आमच्या ऑफिसात नांदेडहून पुण्यात आलेला मुलगा घर शोधतोय. कर्वेनगर, धायरी, वारजे. फोनवर भाडं, डिपॉझिट सगळं जुळतं. मग एजंट पूर्ण नाव विचारतो. 'मालकांशी बोलून कळवतो' म्हणतो आणि परत फोन करत नाही. हा भेदभावच आहे. मनात पूर्वग्रह असेल तर असो, पण त्यापायी कोणाला घर नाकारलं तर जाब विचारायलाच हवा. नोकरीतही हेच दिसतं: थोरात आणि अटवेल या संशोधकांच्या २००७ सालच्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी गेले होते. दलित आणि मुस्लीम नावांना कमी प्रतिसाद आला.

पेठेतली: मी निवृत्त शिक्षिका. वरच्या मजल्याच्या भाड्यावर माझी औषधं चालतात. आधीच्या भाडेकरूने जागा सोडताना फार छळलं, तेव्हापासून मी माणूस पारखून घेते. जिना एकच, घरात मांस-मासे शिजत नाहीत. हे सांगितलं की मी लगेच जातीयवादी? घटनेचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी यांबद्दल आहे, माझ्या राहत्या घराबद्दल नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या पारशी सोसायटीचा फक्त पारशांना सभासद करण्याचा नियमही मान्य केला होता.

सिंहगडरोडकर: ताई, जागा अडकण्याची भीती खरी आहे. त्यावर उपायही आहे. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. मुदत संपूनही कोणी हललं नाही, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो, वर दुप्पट भाडं. यात आडनाव कुठेच लागत नाही. पारशी निकाल सोसायटीच्या सभासदत्वाचा होता, घर भाड्याने देण्याचा नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वस्तीत राहू न देणं हा तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि एक विचारते: ज्याने छळलं, त्याच्या आडनावाच्या लोकांना तुम्ही त्यानंतर घर नाकारलंत का?

बाणेरचा: बॅचलर मुलांनाही नाकारतात की. त्याला कोणी भेदभाव म्हणत नाही.

कोंढवेकर: तेही चूकच. पण त्या मुलाचं लग्न झालं की त्याची अडचण संपते, माझं नाव तेच राहतं. मला कोथरूडला राहायचं होतं, बायकोची नोकरी तिथे. नाव सांगितलं की प्रत्येक घर 'कालच गेलेलं' असायचं. शेवटी कोंढव्यात, आमच्या मुस्लीम वस्तीत आलो. आता तेच लोक म्हणतात, यांना आपल्यातच राहायला आवडतं!

पेठेतली: तो भाडेकरू आमच्याच ज्ञातीतला होता. नाही, त्याच्यावरून मी कोणाला नाकारलं नाही. पण अनोळखी माणसाला घरात घेताना मन कचरतं, त्याला कायदा काय करणार?

कोंढवेकर: कचरू दे, काकू. पण भेटायला तरी बोलवा. पगाराची स्लिप बघा, माझ्या आधीच्या मालकांना फोन करा, स्वयंपाकाची अट सगळ्यांना सांगता तशीच मलाही सांगा. मग नाही म्हणालात, तर मला निदान कारण तरी कळेल.