प्रकाश पाण्यात हळू होतो आणि आवाज फास्ट, एकाच पाण्यात हे उलटं कसं?

नववीची_आई
मुलीने काल अभ्यास करताना विचारलं आणि मी अडकले. प्रकाशाच्या धड्यात आहे की हवेतून पाण्यात शिरला की प्रकाशाचा वेग कमी होतो, कारण पाणी घन, म्हणजे दाट माध्यम. आणि ध्वनीच्या धड्याला आम्हाला शिकवलेलं की पाण्यात, लोखंडात आवाज जास्त वेगाने जातो कारण कण जवळ जवळ असतात. म्हणजे दाटपणामुळे एक हळू आणि त्याच दाटपणामुळे दुसरा फास्ट? तिचं म्हणणं, दोनपैकी एक कारण तरी चुकीचं असणार. पाठ करून टाक असं मला तिला सांगायचं नाहीये. थोडं गणित असलं तरी चालेल, कोणी नीट समजावेल का?

ताणलेली_तार
मुलीची शंका एकदम बरोबर आहे, उलट मी म्हणेन दोन्ही कारणं कच्ची आहेत. आधी आवाजाचं सांगतो.

आवाज म्हणजे माध्यम दाबलं जाणं आणि परत उसळणं, तो धक्का पुढे पुढे जातो. त्यामुळे बघायचं काय तर माध्यम दाबल्यावर किती जोरात उसळतं आणि ते किती जड आहे. उसळी वेग वाढवते, वजन वेग कमी करतं. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट जड आहे, नुसतं वजन बघितलं तर आवाज पाण्यात रांगायला पाहिजे. पण पाणी दाबायला हवेपेक्षा जवळपास १५,००० पट अवघड. घरी बघता येतं, बिनसुईची सिरिंज घ्या, हवा भरा, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा, आत जातो आणि सोडला की परत येतो. मग बुडबुडा न ठेवता पाणी भरून तेच करा, दट्ट्या हलत नाही.

वेग ठरतो उसळी भागिले वजन याच्या वर्गमूळावर. म्हणून १५,००० भागिले ८००, साधारण १९. त्याचं वर्गमूळ ४.३ च्या आसपास. हवेत २० अंशाला वेग ३४३ मीटर प्रति सेकंद, त्याला ४.३ ने गुणलं की १४८० च्या जवळ येतं आणि पाण्यात मोजला तरी तेवढाच भरतो. मला हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा जो आनंद झाला तो अजून आठवतो, मुलीला स्वतः करू द्या.

आणि दाटपणा हे कारण नाही याचा पुरावा म्हणजे शिसं. लोखंडापेक्षा जड, पण मऊ, त्यामुळे स्टीलमध्ये आवाज सेकंदाला जवळपास ६ किलोमीटर जातो तर शिशात २ च्या आसपास. उलट हेलियम हवेपेक्षा सातपट हलका आणि त्यात वेग जवळपास तिप्पट.

उत्तररात्र
प्रकाशाचं सोपं आहे, फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण अणूंना धडकत धडकत जातो, गर्दीतून माणूस वाट काढतो तसा, म्हणून उशीर होतो.

काचेचा_माणूस
@उत्तररात्र हे बऱ्याच ठिकाणी असंच सांगतात, मीही आधी तेच सांगायचो, पण ते टिकत नाही. धडकत गेला असता तर प्रकाश वाटेल त्या दिशेला फेकला गेला असता आणि काचेतून पलीकडचं काहीच स्पष्ट दिसलं नसतं, दुधात होतं तसं. मी लेन्स घासायचं काम करतो, चांगल्या काचेतून किरण सरळ रेषेत बाहेर येतो, आणि बाहेर आला की लगेच आधीच्या वेगाने जातो, दमल्यासारखा हळू राहत नाही.

खरं असं होतं की प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राची लाट. ती काचेत शिरली की इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलायला लागतात आणि हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःची छोटी लाट सोडतो, जरा मागे पडलेली. मूळ लाट आणि या सगळ्या छोट्या लाटा मिळून जी एक लाट बनते तिचे उंचवटे मागे मागे सरकत जातात, त्यालाच आपण वेग कमी झाला म्हणतो. निर्वातात सेकंदाला ३ लाख किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत २ लाख, हिऱ्यात सव्वा लाखाच्या आत.

म्हणजे इथे प्रश्न इलेक्ट्रॉन किती सहज हलतात याचा आहे, वजनाचा नाही. रॉकेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं, तरी त्याचा अपवर्तनांक (निर्वातापेक्षा प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा) १.४४ आणि पाण्याचा १.३३. हलकं असून प्रकाशाला जास्त हळू करतं! पुस्तकातला 'घन माध्यम' हा शब्द प्रकाशीय घनतेबद्दल असतो, वजनाच्या घनतेबद्दल नाही, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

एक प्रयोग मला फार आवडतो. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरिनमध्ये बुडवा. दोघांचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, त्यामुळे बुडालेला भाग दिसेनासा होतो, वरचा तुकडा नुसता हवेत लटकल्यासारखा वाटतो. वेग बदललाच नाही तर प्रकाश वळत नाही आणि परततही नाही, मग डोळ्याला कड दिसणार कशी.

आणि मुलीला हेही सांगा की मोठमोठे लोक यात अडकलेले. न्यूटन प्रकाश म्हणजे कण मानायचा आणि त्याच्या हिशोबाने पाण्यात प्रकाश जास्त वेगाने जायला हवा होता. १८५० मध्ये फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने फिरता आरसा वापरून दाखवलं की पाण्यात तो हळूच जातो.

जेल_लावणारी
मी सोनोग्राफी करते, म्हणजे आवाजाच्या लाटांनी शरीराच्या आतलं चित्र घेते, माझ्या कामातलं सांगते. प्रोब (अंगावर फिरवतात तो मशीनचा भाग) आणि त्वचेमध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी स्क्रीन काळी होते, कारण त्वचेसारख्या माध्यमातून हवेकडे जाताना जवळपास सगळा आवाज परत फिरतो, ९९.९ टक्के तरी. जेल लावलं की हवा निघून जाते आणि चित्र उमटतं. पेशंट विचारतात हे गार गार कशाला, तर त्यासाठी. मशीन शरीरात आवाजाचा वेग १५४० मीटर प्रति सेकंद धरतं, १० सेंटिमीटर खोल गोष्टीचा प्रतिध्वनी यायला १३० मायक्रोसेकंद लागतात, त्या वेळेवरूनच खोली ठरते. प्रकाशाचं बघा, हवेतून सरळ पाण्यात शिरताना फक्त २ टक्के परततो. तीच सीमा, पण एकाला उघडं दार आणि दुसऱ्याला भिंत.

नववीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. सिरिंज केली, तिने तीनदा केली. आता नवीन प्रश्न, पाण्यात वेग बदलतो तर लाल वस्तू पाण्यात बुडवली की रंग का बदलत नाही? आणि आवाजाचा सूर?

ताणलेली_तार
कारण सीमेवर वारंवारिता बदलत नाही. हवेतली लाट सेकंदाला हजार वेळा पाण्याला ढकलते तर पाणीही हजार वेळाच हलणार, जास्त कुठून आणणार. बदलते ती तरंगलांबी, म्हणजे लाटेच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर. हजार हर्ट्झच्या सुराची हवेत ३४ सेंटिमीटर असते, पाण्यात जवळपास दीड मीटर होते. प्रकाशाची उलट आखडते. डोळ्याला रंग आणि कानाला सूर वारंवारितेवरून कळतो, म्हणून लाल ते लालच. खूप खोल पाण्यात लाल वस्तू काळपट दिसते ते मात्र वेगामुळे नाही, पाणी लाल प्रकाश शोषून घेतं म्हणून.