परीक्षेसाठी इंग्रजी शब्दसंग्रह वाढवतानाचे तुमचे अनुभव

तळटीप:
भाचीने परवा जीआरईसाठी, म्हणजे परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेसाठी, नाव नोंदवले आणि मोबाइलवरची तिची शब्दांची कार्डे पाहून मला २००९ सालची माझी दोनशेपानी वही आठवली. पान मधोमध उभे दुमडायचे, वर शब्द आणि घडीखाली अर्थ, आणि लोकलमध्ये उभ्याउभ्या एकेक घडी उघडून पडताळायची, असा तो क्रम होता. तेव्हाच्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असत. वाक्याचा कोणताही आधार नसताना एकटा शब्द समोर येई आणि तो ठाऊक नसला की तर्काला फारसा वाव उरत नसे. म्हणून बॅरन्सच्या पुस्तकातील सुमारे साडेतीन हजार शब्दांची यादी आम्ही घोकत होतो. ऑगस्ट २०११ पासून तो प्रकार परीक्षेतून गेला. आता एका प्रश्नात सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडावे लागतात, की त्यांपैकी कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. नुसत्या पाठांतराने तिथे भागत नाही, आणि हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. भाचीला सांगता येतील असे आपले अनुभव कृपया लिहावेत.

कृष्णाकाठ:
माझे शालेय शिक्षण सांगली जिल्ह्यात, मराठी माध्यमात झाले. वडील एसटीत वाहक होते. ड्यूटीवरून आल्यावर ते माझी यादी हातात घेऊन एकेका शब्दाचे स्पेलिंग वाचत आणि मी अर्थ सांगे. उत्तर बरोबर आहे की नाही हे त्यांना कळत नसे, पण माझा आवाज जरा अडखळला की ते त्या शब्दापुढे पेन्सिलीने टिंब करत आणि दुसऱ्या दिवशी फक्त टिंबांचेच शब्द विचारत. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कार्डांच्या पेटीची जी पद्धत मांडली, तिचे सूत्र हेच आहे: न येणारा शब्द लवकर समोर आणायचा, येणारा उशिरा. हे मी पुढे वाचले. वडिलांना ते आधीच उमगले होते.

सायंतारा:
कृष्णाकाठ, टिंबांचे वाचून डोळे भरून आले. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

दुपारपाळी:
मी स्टाफ नर्स आहे आणि ब्रिटनमधील नोंदणीसाठी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतील लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली. आमच्या परीक्षेत वैद्यकीय शब्दांची अडचण नसते, कारण ते रोज तोंडात असतात. लेखनात रुग्णाच्या नोंदी वाचायला पाच मिनिटे मिळतात आणि पत्रासाठी चाळीस. फिजिओथेरपिस्टला लिहिताना जी संज्ञा चालते, ती रुग्णाच्या मुलीला उद्देशून लिहिताना सोपी करावी लागते. बोलण्याच्या भागात तर घाबरलेल्या नातेवाइकाशी धीराने, साध्या शब्दांत बोलायचे असते. माझी खरी तयारी या साध्या शब्दांचीच होती.

अबोली:
मला आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा, द्यायची आहे. क्लासमध्ये अवघड शब्दांची यादी देतात आणि त्यातले शब्द निबंधात आलेच पाहिजेत असा आग्रह धरतात. हे योग्य आहे का?

शब्दवेल:
अबोलीताई, मी काही वर्षे हा विषय शिकवते, म्हणून ठामपणे सांगते की असा आग्रह विद्यार्थ्याचे नुकसान करतो. लेखनाच्या चार निकषांपैकी शब्दसंपत्ती हा एक आहे, म्हणजे त्याला पाव वजन; आणि त्यात शब्द नेमका, योग्य सोबतीने वापरला आहे का, हेही तपासले जाते. विशेषणाला न शोभणारे नाम जोडले, तर भारी शब्दही गुण घालवतो. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासग्रंथांतून ५७० शब्दकुळांची (एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची) यादी काढली. तिच्यापासून सुरुवात करा, पण प्रत्येक शब्द छापील वाक्यासह उतरवा आणि त्याच दिवशी स्वतःचे एक वाक्य लिहा.

तळटीप:
दुपारपाळी, भाचीची मैत्रीण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने सराव कुठून सुरू करावा?

दुपारपाळी:
ओईटीच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका विनामूल्य मिळतात. वॉर्डातली डिस्चार्ज कार्डे मात्र घरी आणू नयेत, त्यात रुग्णाची माहिती असते. मनाने एक रुग्ण कल्पून पत्र लिहावे आणि ते वरिष्ठ सिस्टरांना वाचायला द्यावे.