मॅग्नेट्रॉनच मोठा का करत नाहीत?
अणुकेंद्रकं एकत्र आणून ऊर्जा मिळवण्याच्या, म्हणजे संलयनाच्या, प्रयोगांत प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला अतितप्त वायू) तापवायला जायरोट्रॉन नावाच्या नळीतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी वापरतात. मग ‘घरच्या मायक्रोवेव्हमध्ये लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉनच मोठा करून प्लाझ्मा का तापवत नाहीत?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. अडतं ते वारंवारतेपाशी. एक टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 28 अब्ज गिरक्या घेतो, आणि लहर त्या तालात आली तरच तिची ऊर्जा नीट उचलतो. म्हणून फ्रान्समधल्या ईटर या संलयन अणुभट्टीला सेकंदाला 170 अब्ज कंपनं, म्हणजे 170 गिगाहर्ट्‌झ लागतात. ओव्हनमध्ये असतात 2.45. तरंगलांबी 12 सेंटिमीटरवरून पावणेदोन मिलिमीटरवर येते. मॅग्नेट्रॉनच्या पोकळ्या तरंगलांबीच्या बेताच्या असतात; एवढ्याशा मापाच्या पोकळ्यांमध्ये मेगावॉट कोंबला तर तांबं टिकणारच नाही. जायरोट्रॉनची पोकळी तरंगलांबीच्या कितीतरी पट रुंद ठेवता येते, सगळी करामत तिथे आहे.

मला मात्र थक्क करते ती जायरोट्रॉनची खिडकी. आत निर्वात, बाहेर निघणारा मेगावॉटचा झोत, आणि मधे प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याची जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची चकती! हिरा ही लहर फारच थोडी शोषतो, आणि जी उष्णता उरते ती तांब्यापेक्षा चार-पाच पट सहज कडेच्या पाण्यापर्यंत पोचवतो. जर्मनीतल्या वेंडेलस्टाइन 7-एक्स या संलयन यंत्राने 2023 साली 8 मिनिटं प्लाझ्मा धरून ठेवला, तो अशाच खिडक्यांतून आलेल्या लहरींवर.