कॅज्युअल्टीच्या खिडकीसाठी पेन सुचवा (बजेट ५० रुपये)

खिडकी_नं_२
नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी महापालिकेच्या रुग्णालयात क्लार्क म्हणून लागले, पोस्टिंग थेट कॅज्युअल्टीला. केसपेपर कंप्युटरवर निघतो, पण आमच्याकडे एमएलसीचं, म्हणजे पोलीस केसचं, बुक अजून हातानेच लिहायचं, दोन कार्बन घालून. वरची प्रत झकास, मधली बरी, तिसरीवर नुसते वळ. शनिवारची रात्रपाळी झाली की अंगठा बधिर होतो. त्यात पेन टिकत नाही. हवालदार नेतात, नातेवाईक सहीला नेतात, १०८चे डॉक्टर पेशंट सोपवल्याची सही करतात आणि पेन आपल्याच खिशाला लावून जातात. कार्बनवर उठेल, हात दुखणार नाही आणि गेलं तरी रडू येणार नाही असं काही आहे का? बजेट एका पेनाला ५० रुपये.

शाईवेडा
डोळे मिटून लॅमी सफारी घ्या. तीन हजारांच्या आसपास जाईल, पण हात दुखणं बंद. शाईपेनाला दाब लागतच नाही.

खिडकी_नं_२
दाबच तर हवाय हो, कार्बन आहे.

शाईवेडा
कार्बननेच या देशाच्या अक्षराची वाट लावली.

रांगडा_गडी
भाऊ, रेनॉल्ड्स ०४५. पांढरं अंग, निळं टोपण. मी दहावी, बारावी, तलाठ्याची परीक्षा सगळं त्यावरच दिलं. तलाठी झालो नाही, पण त्यात पेनाचा दोष नाही.

खिडकी_नं_२
ताई आहे मी. 🙂

पुणेरी_पगडी
आजच्या जमान्यात कार्बन? सगळं ऑनलाइन झालंय ना? आमच्या मेहुणीच्या हॉस्पिटलात टॅबवर सही घेतात.

झोपाळू_सीएमओ
मेहुणीचं हॉस्पिटल खाजगी असणार. इकडे पहाटे तीनला सर्व्हर बसला की सगळ्यांना हाताने लिहिणं आठवतं.
बाकी पेनं डॉक्टरही नेतात, हे प्रामाणिकपणे कबूल. आत्ता ॲप्रनच्या खिशात सात आहेत, एकही माझं नाही.

निवृत्त_हेडक्लार्क
३१ वर्षं नोकरी, त्यातली नऊ कॅज्युअल्टीला. पेनाचा प्रश्नच नाही बेटा. तिसरी प्रत उठत नाही कारण तिच्याखाली बुकाची सगळी कोरी पानं गादीसारखी आहेत, दाब तिथेच मुरतो. तिसऱ्या प्रतीखाली जुन्या एक्स-रेची फिल्म सरकवायची. कार्बनही रोज बघायचा, कोपरे पांढरे झाले की फेकायचा. साहेब स्टोअरमधून नवे देत नाहीत हे मला माहीत आहे, तरी मागायचे आणि इंडेंटची (मागणीच्या चिठ्ठीची) पोच ठेवायची.
एकदा सहा वर्षांपूर्वीच्या मारहाणीच्या केसमध्ये मला बुक घेऊन सेशन्स कोर्टात बोलावलं. पोलिसांची प्रत गहाळ, आमच्याकडे तिसरी. ओळखीच्या खुणांच्या रकान्यात ‘उजव्या’ होतं की ‘डाव्या’, ते कुणालाच वाचता येईना. वकिलाने मला दिवसभर उभं केलं. अक्षर माझं नव्हतं, पण उभा मीच.
आणखी एक. रात्री बारानंतर तारीख बदलते हे विसरू नकोस. ००.१० ला आलेल्या पेशंटवर कालची तारीख पडली की पुढे सगळ्यांना त्रास. खाडाखोड करायची नाही, एक आडवी रेघ आणि बाजूला सही.

रांगडा_गडी
काका बरोबर बोलले. खाली काहीतरी कडक ठेवा. आणि रेनॉल्ड्स.

लिंबू_सरबत
जेल पेन अजिबात नको. माझ्या मुलीच्या प्रॅक्टिकल बुकावर पाणी सांडलं, सगळी आकृती वाहून गेली. तुमच्याकडे तर सॅनिटायझर, सलाईन आणि काय काय सांडत असेल. मी ऑनलाइन वीसचं पाकीट मागवलं होतं, अकरा कोरडी निघाली, परत घेतली नाहीत. (ती बॉलपेनं होती, तरी सांगितलं.)

मामाचा_गाव
पेंटॉनिक, दहा रुपये. पन्नासात पाच येतील. आणि दोरी बांधा खिडकीला, बँकेत असते तशी. नवीन मुलांना एवढंही सुचत नाही.

खिडकी_नं_२
दोरी बांधली होती मामा. परवा एका माणसाची सही हवी होती. बायको स्ट्रेचरवर, तो तिचा हात सोडेना आणि दोरी तिथवर पुरेना. मीच कापली.

मामाचा_गाव
लांब बांधायची.

जिल्हा_रुग्णालय
आमच्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसेच घेत नाहीत, पावती लिहिणं संपलं, निम्मं पेन वाचलं. तुमच्या महापालिकेला तो निर्णय लागू नाही, तो फक्त सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांना. बसा लिहीत.
एक सल्ला: पेशंट आणणाऱ्याचं नाव-पत्ता-मोबाईल घेतल्याशिवाय पेपर काढू नका. नंतर पोलीस आपल्यालाच विचारतात.

झोपाळू_सीएमओ
अहो, असं शिकवू नका तिला. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १३४-अ कलम आलं ते त्यासाठीच. आणि आधी उपचार, कागद नंतर, हे तर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय, परमानंद कटारा केसमध्ये.

जिल्हा_रुग्णालय
कोर्ट खिडकीवर बसत नाही, डॉक्टर.

झोपाळू_सीएमओ
मी बसतो ना. ‘सांगण्यास तयार नाही’ एवढं लिहायचं, झालं. पेशंटचं नाव कळत नसेल तर ‘अनोळखी पुरुष, अंदाजे वय ४०’ लिहून पुढे जातोच की आपण.

निवृत्त_हेडक्लार्क
डॉक्टरांशी सहमत. पण अनोळखी लिहिलं की कपड्यांचा रंग, गोंदण लिहायला विसरू नये. नातेवाईक शोधत आले की तेवढंच हातात असतं.

पुणेरी_पगडी
धागा पेनाचा होता.

शाईवेडा
हेच म्हणतो. लॅमी.

रांगडा_गडी
ताई, मग काय घेतलं? रेनॉल्ड्स ना?

खिडकी_नं_२
सर्वांचे आभार. काकांची एक्स-रे फिल्म सरकवली, तिसरी प्रत वाचता येते! आमच्या सिस्टरनी मोडलेल्या कोपराची दिली. अंगठाही जरा बरा आहे.
पेन मात्र शाईचं घेतलं, कॅम्लिनचं. कार्बनला चालत नाही हे माहीत आहे. घरी जाताना मस्टरवर सही करायला घेतलंय, पर्समध्येच असतं, कुणाला देत नाही.

शाईवेडा
कॅम्लिन?? माझा सल्ला वाया गेला.

मामाचा_गाव
अहो, मग खिडकीवर कशाने लिहिता?

खिडकी_नं_२
रविवारी एक हवालदार साहेब त्यांचं पेन इथेच विसरून गेले. तीनही प्रतींवर मस्त उठतंय. बक्कल नंबर आहे रजिस्टरात, परत आले तर देईन.